समासातलं भांडण

पहिल्या खंडातल्या एका पानाच्या समासात कुणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे, ‘अजून काहीच घडलेलं नाही.’ त्याखाली दुसऱ्या, जरा तिरक्या अक्षरात, ‘घडतंय की. चष्मा लावा.’ आणि त्याच्याही खाली निळ्या बॉलपेनने (या माणसाला दंडच व्हायला हवा), ‘दोघेही गप्प बसा, वाचू द्या.’

पुस्तक श्री. ना. पेंडसे यांचं ‘तुंबाडचे खोत’. प्रत ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका जुन्या वाचनालयाची. दोनदा बांधून घेतलेली, कडेला डिंकाचा पिवळा ओघळ. ‘पुस्तकात लिहू नये’ असा शिक्का पहिल्याच पानावर आहे आणि त्या शिक्क्याशेजारीही कुणीतरी बरोबरची खूण करून ठेवली आहे. ग्रंथपाल बाईंच्या टेबलावर कायम एक खोडरबर असतं. त्या म्हणाल्या, “किती खोडू? मी खोडलं की पुढचा परत लिहितो. बाकी पुस्तकं नेतात नि मुकाट आणून देतात. या पुस्तकाला लोकांना गप्पच बसवत नाही.”

मला ते ऐकून बरं वाटलं. हे पुस्तक मीही तीनदा वाचलंय आणि तिन्ही वेळा कुणाशी ना कुणाशी वाजलंय.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन खंड, हजारावर पानं, कोकणातलं जगबुडी नदीकाठचं गाव आणि तिथल्या खोत घराण्याच्या, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या वतनदारांच्या, चार पिढ्या. कथानक सांगा म्हटलं तर पंचाईत होते. माणसं जन्माला येतात, कुणी तापट निघतं, कुणी देवमाणूस निघतं, लग्नं होतात, भांडणं होतात, मरणं होतात. यात सांगण्यासारखं काय? आणि तरी हे पुस्तक 1987 साली आलं तेव्हापासून वाचनालयांच्या कपाटात ते फार काळ बसलेलं मी पाहिलेलं नाही. पेंडसे तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. 1913 साली दापोलीजवळच्या मुर्डीला जन्म, लहानपणीच मुंबईत आले, पहिली कादंबरी ‘एल्गार’ 1949 ची, ‘गारंबीचा बापू’ 1952 ची, ‘रथचक्र’ 1962 ची, तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार. आणि नोकरी कुठे, तर ‘बेस्ट’मध्ये. बस चार मिनिटं उशिरा आली की रांगेतली माणसं घड्याळाकडे बघून च्‌च् करतात, त्या संस्थेत आयुष्य काढलेल्या माणसाने एवढं सावकाश लिहावं याची मला नेहमी गंमत वाटते. कदाचित वेळापत्रकाचा वचपा काढला असेल.

मी ते पहिल्यांदा वाचलं 1996 साली. नुकती सनद मिळाली होती आणि फोर्टात एका ज्येष्ठ वकिलांकडे जूनियर म्हणून जात होते. ‘ठाणे स्लो’ ठाण्यातूनच सुटते. म्हणून बसायला मिळतं, म्हणून वाचायला मिळतं. फास्टमध्ये वेळ वाचतो, पण दुसरं काहीच वाचता येत नाही, कारण दोन्ही हात वरच्या कडीला. मुलुंडला एखादा खोत ओटीवर येऊन बसायचा. नाहूर तेव्हा व्हायचं होतं. भांडुप, कांजूर, विक्रोळी अशी स्टेशनं निघून जायची, खोत अजून बसलेलाच. घाटकोपरला तो तोंड उघडायचा. समोरच्या बाकावरच्या एक बाई रोज गवार मोडत बसत, त्यांनी एकदा विचारलं, “तेच पुस्तक का अजून?” मी म्हटलं, “हो.” त्या म्हणाल्या, “मी पण तेच करते. भाजी बदलते फक्त.”

एक कबुली द्यायला हवी. तेव्हा मी ते पूर्ण वाचलं नव्हतं. संवादांवरून उड्या मारत गेले होते. अवतरणचिन्ह दिसलं की थांबायचं, वर्णन आलं की पुढे. तब्बल एका खंडाचं असं दगडादगडांवरून पाणी ओलांडलं आणि दुसरा खंड आणायला गेले, तर तो बाहेर. दोन खंडांच्या पुस्तकाचं हे एक ठरलेलंच असतं. पहिला तुमच्याकडे असतो तेव्हा दुसरा कुणा अज्ञात सभासदाच्या उशाशी. तीन आठवडे थांबले. त्या तीन आठवड्यांत रोज रात्री मला ती माणसं आठवायची, त्यांचं पुढे काय झालं असेल ते नव्हे, ती आत्ता काय करत असतील ते. दुसरा खंड मिळाला तेव्हा मी आधी पहिलाच परत मागितला.

हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ 1890 पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः येत होती. तेव्हाच्या वाचकाला तिच्या नायिकेची, यमूची, पुढची हकिगत कळायला पुढच्या अंकाची वाट बघावीच लागे, त्याला संथपणाची तक्रार करायची सोयच नव्हती. मधल्या दिवसांत ती घरातलीच एक मुलगी होऊन बसत असणार. आज सगळे भाग एका रात्रीत संपवायची सवय लागलेल्या माणसाच्या हातात तीच कादंबरी दिली तर ती लांबणार नाही तर काय होईल? माझा नवरा भाषणं, मुलाखती, पुस्तकं, सगळं मोबाइलवर दीडपट वेगाने ऐकतो. परवा मी त्याला काहीतरी सांगत होते आणि त्याचा अंगठा नकळत हवेत हलला.

आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत एक वाचनकट्टा आहे. नाव मोठं, माणसं सात-आठ. महिन्याच्या शेवटच्या रविवारी क्लबहाउसच्या एका कोपऱ्यात बसतो. दुसऱ्या कोपऱ्यात मुलांचं टेबल टेनिस चालतं, चेंडू अधूनमधून मराठी साहित्यात येतो. बरेचसे सभासद पन्नाशीपुढचे. तेव्हा या कट्ट्यावर एक विशीतला मुलगा आपणहून आला आणि म्हणाला, ‘तुंबाड’ घेऊ या, तेव्हा सगळ्यांना भरून आलं. आनंद फार टिकला नाही. त्याने 2018 चा तो सिनेमा पाहिला होता. सिनेमाने नाव या कादंबरीवरून घेतलं, पण त्यातली गोष्ट निराळी, तिच्यामागे प्रेरणा नारायण धारपांच्या कथेची. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो बिचारा दोनशे पानं वाचून आला आणि सिनेमातल्या राक्षसाबद्दल पहिलाच प्रश्न, “हस्तर कधी येतो?”

बँकवाले काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. “अरे, इथे काहीच येत नाही. मीपण 1988 पासून वाट बघतोय.”

काका राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालेत आणि पुस्तकाकडेही ते कर्जाच्या फायलीसारखं बघतात, किती पानं घेतली आणि परतावा काय. त्यांचं म्हणणं असं की संपादकाने यातला चौथा हिस्सा कापायला हवा होता. “हाच माणूस ‘गारंबीचा बापू’ केवढ्यात आटोपतो बघा. बापू, राधा, अण्णा खोत, गाव, सगळं उभं राहतं की नाही? मग उतारवयात असं काय झालं? थांबवणारं कुणी उरलं नाही, दुसरं काय.” त्यांनी काशिनाथ घाणेकरांचा बापू रंगमंचावर पाहिला आहे आणि त्यानंतर आलेल्या कुठल्याही मराठी गोष्टीबद्दल त्यांची थोडी तक्रारच आहे. पण त्यांचा मुद्दा मला उडवून लावता येत नाही. एकाच लेखकाच्या दोन चाली आहेत. संथ लिहिणं हा त्याचा स्वभाव नव्हता, त्याने ते ठरवून केलं. ठरवून केलेल्या गोष्टीचा हिशेब मागायचा हक्क वाचकाला आहे.

फिजिओथेरपी करणारी एक मुलगी येते, तिला हिशेब मान्य नव्हता. ती म्हणाली, “काका, माझ्याकडे पेशंट येतात. मी विचारते, कुठे दुखतंय? तर बायका लग्नापासून सुरू करतात. सुरुवातीला मी त्यांना तोडायचे. खांदा की मान, तेवढं सांगा. आता नाही तोडत. लग्नापासून ऐकलं की पंधराव्या मिनिटाला कळतं, ही बाई गेली वीस वर्षं सासूला एकटीने उचलून बसवतेय.” मग जरा थांबून म्हणाली, “पण सगळ्यांना नाही हं असं लागत. काहींची फक्त मान अवघडलेली असते.”

आमच्या सासूबाई चौऱ्याऐंशीच्या आहेत. कट्ट्यावर त्या आल्या तर खुर्ची पंख्याखालची आणि शेवटचा शब्द त्यांचा. त्यांचं माहेर खेडकडचं. त्यांना हे पुस्तक संथ वाटतच नाही; उलट हल्लीच्या कादंबऱ्या त्यांना उरकून टाकल्यासारख्या वाटतात. गेल्या वर्षी मी त्यांना एक नवी, पुरस्कारबिरस्कार मिळालेली कादंबरी दिली होती. दोन दिवसांत परत. “अगं, ह्या पानावर बाप मेला आणि त्या पानावर लेकीच्या लग्नाची बोलणी? तेरावं तरी होऊ दे की त्याचं.” पेंडशांच्या पुस्तकात त्यांना कुणी मेलं की रीतसर सुतक पाळता येतं. त्या दुपारी जेवणानंतर दहा पानं वाचतात, मग पुस्तक पोटावर उपडं ठेवून डोळे मिटतात, आणि आपण विचारलं झोपलात का, की म्हणतात, “नाही गं, पडवीत आहे.”

सगळं संथ लिखाण मला आवडतं अशी समजूत होऊ नये. सध्या एका लोकप्रिय लेखकाचं फार नाव आहे, मी घेत नाही. त्यांच्या पुस्तकात खिडकी असते, खिडकीत पाऊस असतो, पावसाकडे बघत कुणीतरी कॉफी पीत असतं आणि तीस पानांनी कॉफी गार होते. लोक त्याला तरल म्हणतात. मला ते पुस्तक वाचताना सारखी उठून ओटा पुसायची इच्छा होते. लोणचं मुरायला वेळ लागतो म्हणून वेळ लागलेलं सगळं लोणचं होत नाही. काही नुसतं बुरशी धरतं. दोन्ही बरण्या बाहेरून सारख्याच दिसतात हीच अडचण आहे. त्या दिवशी काकांनी मला नेमकं याच ठिकाणी पकडलं. “मग फरक काय तो सांगा, वकीलबाई. तुम्हाला आवडलं की मुरलेलं आणि मला कंटाळा आला की माझी जीभ खराब, हे नाही चालायचं.”

आता वकिलाला असं डिवचल्यावर तो गप्प बसेल का?

पुढे फोर्ट सुटलं. गेली पंचवीस वर्षं मी ठाण्यातच दिवाणी दावे चालवते. कोर्ट नाक्यावर उतरायचं, बगलेत फायली, आणि फायलींमध्ये बहुतेक वाटपाचे दावे. भाऊ विरुद्ध भाऊ, भाऊ विरुद्ध बहीण, पुतणे विरुद्ध काकू. घोडबंदरच्या पट्ट्यात जिथे एके काळी भातखाचरं होती तिथे आज पस्तीस मजले आहेत, त्यामुळे पणजोबा कुणाचा होता हे एकाएकी फार महत्त्वाचं झालं आहे. या कामात रोज वाचायचा मजकूर म्हणजे फेरफार, जमिनीच्या हक्कातल्या बदलांची सरकारी नोंद. ज्यांनी कधी पाहिला नाही त्यांना सांगते, मराठीतली सगळ्यात वेगवान कौटुंबिक कादंबरी तीच. खातेदार अमुक हे तमुक तारखेस मयत. वारस मुलगे तीन, मुली दोन, विधवा एक. वारसतपास केला. हरकत नाही. नोंद मंजूर. पुढची ओळ, मुलींनी भावांच्या लाभात हक्कसोडपत्र करून दिले. नोंद मंजूर. पुढची ओळ, थोरला मुलगा मयत. चार पिढ्या अर्ध्या पानात बसतात. एक शब्द फुकटचा नाही, खिडकी नाही, पाऊस नाही. काकांना हवी तशी.

आणि त्यातून काहीएक कळत नाही.

एका दाव्याची गोष्ट मी कट्ट्यावर सांगितली, इथेही ओळख पुसून सांगते. दोन भाऊ. जमीन मोजून अर्धी-अर्धी करायला कुणाचीच ना नव्हती, तरी दावा अकरा वर्षं चालला. तडजोडीची बोलणी तीनदा टेबलापर्यंत आली आणि तिन्ही वेळा धाकटा शेवटच्या क्षणी उठून गेला. कागदावर कारण होतं विहिरीकडे जाणारी पायवाट. साक्षीपुराव्यात पायवाटेची लांबी, रुंदी, नकाशा, सगळं. मी थोरल्याची वकील. अकराव्या वर्षी एका पावसाळी दुपारी माझ्या कार्यालयात वीज गेली, झेरॉक्स होईना, म्हणून आम्ही दोघं नुसते बसलो होतो. तो आपणहून बोलायला लागला. आईच्या दहाव्याला घाटावर धाकट्याला यायला उशीर झाला होता. गाडी बंद पडली होती. कावळा शिवत नव्हता. लोक ताटकळले होते. तेवढ्यात धाकटा धावत आला आणि कावळा शिवला. कुणीतरी म्हणालं, आईचा जीव धाकट्यात होता. आणि हा थोरला, ज्याने नऊ वर्षं आईचं अंथरूण केलं होतं, तो सगळ्यांदेखत म्हणाला, “कावळ्यालाही जमीनच हवी असेल.” बस. एवढंच वाक्य. त्यानंतर दोघं बोलले ते थेट कोर्टात, आमच्या तोंडून.

हे वाक्य दाव्यात कुठेच नव्हतं. असूही शकत नाही, ते गैरलागू म्हणून काढून टाकायला मीच सांगितलं असतं. आणि ते समजायला नुसतं वाक्य कळून भागत नाही. ती नऊ वर्षं आधी माहीत हवीत. अंथरूण, औषधांच्या वेळा, धाकट्याचे मुंबईहून येणारे पेढे, आईचं त्याच पेढ्यांचं कौतुक. ती नऊ वर्षं वगळून वाक्य सांगितलं तर थोरला दुष्ट वाटतो. नऊ वर्षं ऐकून मग सांगितलं तर तसा वाटत नाही, आणि धाकटाही वाटत नाही. मी काकांना म्हटलं, माझ्यापुरता फरक एवढाच आहे. पेंडसे एखाद्या माणसापाशी पन्नास पानं बसतात, तेव्हा एक्कावन्नाव्या पानावरचं त्याचं वाकडं वागणं मला अडत नाही. कॉफीवाल्याकडे एक्कावन्नाव्या पानावर पुन्हा कॉफीच असते.

कट्ट्यावर शांतता झाली. मला वाटलं, जिंकले. टेबल टेनिसचा चेंडूसुद्धा आला नाही.

तेव्हा कोपऱ्यात बसलेले सर बोलले. हे आमच्या बी विंगमध्ये राहतात, शाळेत गणित शिकवतात, कट्ट्यावर नियमित येतात आणि क्वचित बोलतात. ते म्हणाले, “मॅडम, तुमचं पटलं. पन्नास पानं बसलं की माणूस कळतो. मला वाचताना तेच वाटत होतं. म्हणून मी एक उद्योग केला.” त्यांनी खिशातून कागद काढला. काका लगेच पुढे सरसावले, आकडेमोड म्हटल्यावर. “मी फक्त बघत गेलो की लेखक कुणापाशी किती वेळ बसतो. खोतापाशी बसतो. खोताच्या भावापाशी, बायकोपाशी, मुलापाशी बसतो. त्याचं चुकतं तेव्हा तर जास्तच बसतो. त्यामुळे मला तो खोत आवडायलाही लागला, खोटं कशाला बोलू. पण आमचं गाव खेड तालुक्यातलंच. आम्ही कुळं. माझा पणजोबा खोताला अर्धेल, म्हणजे अर्धं पीक, घालायचा, वेठीला जायचा. तो या पुस्तकात असता तर त्याला किती पानं आली असती?”

फिजिओथेरपीवाली म्हणाली, “पण सर, पुस्तक खोतांबद्दलच आहे ना. नावातच आहे.”

“हो ना. मी लेखकाला दोष देतच नाही,” सर म्हणाले. “तो त्याला माहीत असलेलं घर सांगतोय, आणि छान सांगतोय. मी एवढंच म्हणतोय की सावकाश लिहिलंय का भरभर, यावर आपण दीड तास भांडतोय. कुणासाठी सावकाश, हे कुणी विचारलं नाही.” मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, “तुमच्या फेरफारात निदान मेलेल्याचं नाव तरी असतं, मॅडम. आमचा पणजोबा सातबाराच्या ‘इतर हक्कां’तही नव्हता.”

मी वकील आहे. मुंबई खोती निर्मूलन कायदा, 1949, मी परीक्षेला केला होता. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी 1933 साली नारायण नागू पाटलांबरोबर खोतांविरुद्ध संप सुरू केला आणि वर्षानुवर्षं जमीन कसली नाही, हे मला माहीत होतं. डॉ. आंबेडकरांनी 1937 साली मुंबईच्या विधिमंडळात खोती बंद करण्याचं विधेयक आणलं, हेही माहीत होतं. कोर्ट नाक्यावर त्यांच्या पुतळ्यासमोरून तर मी रोज जाते. आणि तीन वेळा पुस्तक वाचताना यातलं एकदाही आठवलं नव्हतं. एकदाही. मी खोतांच्या माजघरात इतकी आरामात बसले होते की अंगणात कोण उभं आहे ते बघायला मान वळवावी असं वाटलंच नाही. संथ पुस्तकाची हीच खुबी असेल. ते तुम्हाला बसायला पाट देतं, आणि पाट दिला की माणूस यजमानाच्या बाजूचा होतो.

सर चुकतही असतील, असं मला आजही मधूनमधून वाटतं. पेंडशांनी ‘रथचक्र’मध्ये एका बाईपाशी अख्खी कादंबरी बसून काढली, आणि तिला नावही दिलं नाही, ‘ती’ एवढंच. बिननावाच्या माणसापाशी बसणं त्यांना येत नव्हतं असं कुणी म्हणू शकणार नाही. शिवाय पानं मोजून न्याय होतो का? तसं असेल तर सगळ्यात न्यायी पुस्तक मतदारयादी. पण हे मुद्दे मला घरी गेल्यावर, भांडी आवरताना सुचले. तिथे मी गप्प होते.

बोलल्या त्या सासूबाई. “तुमचं गाव कुठलं म्हणालात?”

सरांनी नाव सांगितलं. नदीच्या पलीकडचं, लहानसं.

“अगंबाई,” सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या वडिलांकडे छोटीशी खोती होती, हे मला लग्नानंतर पहिल्याच वर्षी कौतुकाने सांगितलं गेलं होतं. त्या डोळे मिटून आठवत राहिल्या. त्यांची स्मृती म्हणजे आमच्या घरातलं सरकारी दप्तर आहे. 1952 साली कुणाच्या मुंजीत कोण रुसलं होतं, मोदकांची पारी कुणाची फुटली, गायीचं नाव काय, वासराचं काय, सगळं नोंदलेलं. “तुमच्याकडची माणसं यायची आमच्याकडे. भात घेऊन. मी परकरात होते. मागच्या अंगणात मोजणी चालायची. एक उंच होता, त्याच्या खांद्यावर घोंगडी असायची. मला पेरू आणून द्यायचा.”

“नाव काय त्यांचं, आजी?” सरांनी विचारलं.

त्या आठवत राहिल्या. पंखा फिरत होता. पलीकडे कुणीतरी गेम जिंकली, पोरं ओरडली. सासूबाईंनी एकदा ओठ हलवले, मग थांबल्या. मी त्यांना इतक्या वर्षांत एखाद्या नावासाठी एवढं अडलेलं पाहिलं नव्हतं.

“गायीचं कपिला होतं,” त्या म्हणाल्या.

त्यानंतर कुणी फारसं बोललं नाही. काकांनी चहाचे कप गोळा केले. सिनेमावाला मुलगा खाली उतरताना मला म्हणाला, “मावशी, मी पुढचं वाचतो. पण जरा वेगळं वाचीन.” म्हणजे कसं, ते मी विचारलं नाही. सासूबाई लिफ्टमध्ये म्हणाल्या, “घोंगडी काळी होती.” रात्री जेवताना पुन्हा म्हणाल्या, “उजव्या खांद्यावर.” नाव काही आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दुपारची दहा पानं पुन्हा सुरू केली, पण पुस्तक पोटावर ठेवून डोळे मिटले की पडवीत आहे म्हणत नाहीत. नुसत्या पडून राहतात.

कट्ट्यासाठी मी वाचनालयातून आणलेली ती समासवाली प्रत सर जाताना घेऊन गेले होते. त्यांच्याकडची प्रत स्वतःची, पण त्यांना ते पेन्सिलीचं भांडण बघायचं होतं. पंधरा दिवसांनी त्यांनी ती माझ्या दारात आणून दिली, वर्तमानपत्राच्या कागदाचं नीट कव्हर घालून. गणिताच्या शिक्षकाला शोभेल असं. मी मुदत वाढवून आणली आणि रात्री सहज चाळत बसले. जुनं भांडण जागेवर होतं, ‘चष्मा लावा’, ‘वाचू द्या’, सगळं. काकांनी म्हटलेल्या चौथ्या हिश्श्यापैकी काही पानांशी कुणा जुन्या वाचकाने ‘सोडले तरी चालेल’ असं लिहिलेलं आहे, ते मी पूर्वी पाहिलं नव्हतं, किंवा पाहून पाळलं होतं.

पुढे एका ठिकाणी एक गडी येतो. एका वाक्यापुरता, काम करतो नि जातो, त्याला नाव नाही. त्या वाक्याखाली टोकदार पेन्सिलीने, पट्टी धरून मारलेली रेघ आहे. आणि समासात, फळ्यावरच्यासारख्या सुट्या, स्वच्छ अक्षरात, ‘हा कोण?’

खाली अजून कुणी काही लिहिलेलं नाही. जागा आहे. परत करायची तारीख 14 आहे आणि ग्रंथपाल बाईंच्या टेबलावर खोडरबर असतं. मी पुस्तक उपडं करून सासूबाईंच्या उशाशी ठेवलं, त्याच पानावर.